भडंगच्या वहीतली नावं

मंगळवार पेठ, कोल्हापूर
सोमवार

प्रिय सुष्मी,

तुझा मेसेज काल दुपारी आला. लग्नानंतरचा पहिलाच, आणि तोही चार ओळींचा. पहिल्या दोन ओळींत तू लिहिलंस की प्रभुलिंग रविवारी कामाला म्हणून कोल्हापूरला येणार आहेत, येताना ते भडंगला घेऊन जातील, गडहिंग्लजच्या घराला मोठं अंगण आहे, तिथं त्याला मोकळं हिंडता येईल. त्या दोन ओळींचं उत्तर आधी देते. भडंग रविवारी जाणार नाही. उरलेल्या दोन ओळींचं उत्तर शेवटी देईन, कारण त्या वाचल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही, आणि रागात लिहायला बसले की माझं अक्षर बिघडतं हे तुला माहीत आहे. फोन करणार होते. पण फोनवर तू आधी रडतेस, मग तुझी समजूत काढण्यात वेळ जातो आणि माझं बोलायचं राहून जातं. म्हणून कागद घेतला. पत्र तुझ्या नव्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते. घरी पाकीट आधी कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही, आणि तुझं काही कुणासमोर उघडं पडावं असं मला अजूनही वाटत नाही.

आता त्याची खुशाली. आत्ता तो माझ्या पायाशी पडून तुझी निळी चप्पल चघळतोय, डावी. उजवीला तो तोंड लावत नाही, का ते त्याचं त्याला माहीत. वजन चौदा किलो झालंय. एक कान उभा आणि एक पडका होता तो तसाच राहिला, डॉक्टर म्हणाल्या आता तो पडकाच समजा. संध्याकाळी सहा वाजले की जिन्यात जाऊन बसतो, तुझ्या यायच्या वेळेला. मी त्याला वर बोलवत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी आपणच उठून येतो, पाणी पितो आणि चपलेला लागतो.

जानेवारीतली ती सकाळ तुला आठवते का? मला लॅबला उशीर झाला होता, स्कूटर सुरू करते तर खालून कुईकुई. तू जिन्यातूनच ओरडलीस, चाक फिरवू नको म्हणून. झुरळ दिसलं तरी खुर्चीवर पाय घेऊन बसणारी तू, ऑफिसच्या कपड्यांनिशी फरशीवर आडवी झालीस आणि ग्रीसनं माखलेलं मूठभर पिल्लू बाहेर काढलंस. आक्का खालच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी. "कुत्रं न्हाय चालणार, आदीच सांगतो. दोन पोरी म्हणून खोल्या दिल्यात. तिसरं कोण आणायचं तर घरमालकिणीला इचारायचं असतंय." असं म्हणत म्हणतच तिनं ताटलीत दूध आणून ठेवलं. त्याच संध्याकाळी तू आणलेल्या भडंगच्या पुडीत त्यानं तोंड घातलं, तिखटानं सात-आठ शिंका दिल्या आणि परत तोंड घातलं. नावाचा प्रश्न तिथंच मिटला.

मग वर्षाराणी डॉक्टरांकडे गेलो. तिथं त्यांनी जे सांगितलं त्यातला शब्द न् शब्द मला पाठ आहे, कारण पुढचे तीन महिने आपण दोघींनी तोच अभ्यास केला. त्या म्हणाल्या, पिल्लाला जेवायला कुणीही घालतं, पण चार महिन्यांचं व्हायच्या आत त्याला जग दाखवायचं काम फार कमी लोक करतात. शंभर माणसं भेटवा. सगळी एका जातीची नकोत, म्हाताऱ्या, पोरं, दाढीवाले, हेल्मेटवाले, काठीवाले, छत्रीवाले, सगळे. भेटवायची रीतही त्यांनी शिकवली. आधी माणसाचं नाव मोठ्यानं घ्यायचं. मग त्या माणसानं हात खाली, पुढे धरायचा आणि थांबायचं. पिल्लाला ओढून न्यायचं नाही, त्याचं ते येऊ द्यायचं. आणि ज्याला ते घाबरतंय त्याच्यापासून त्याला पदराखाली लपवून पळायचं नाही. थोडं लांब उभं राहायचं, पण तिथंच राहायचं. तुम्ही लपवलंत तर त्याला वाटेल, यात लपवण्यासारखंच काहीतरी आहे. तू मान डोलावून हे सगळं लिहून घेत होतीस. तुझ्या ऑफिसच्या डायरीचं पान अजून माझ्याकडे आहे.

लशी पुऱ्या होईपर्यंत त्याला जमिनीवर सोडायचं नव्हतं, म्हणून भाजीच्या पिशवीत घालून आपण त्याला पेठेतनं हिंडवायचो. पिशवीतनं मेथीच्या जुडीबरोबर एक पडका कान बाहेर. माणसं थांबून विचारायची, "पावणं कुठलं हो?" आणि तू वहीत नाव टाकायचीस. आक्का एक नंबर. चौकातला पंक्चरवाला दोन. तालमीचे आकाराम वस्ताद चौदा. वस्तादांनी त्याला एका पंजात उचललं आणि म्हणाले, "ह्येला दूध-बदाम घाला, फुडच्या साली कुस्ती लावू." वहीत चार रकाने आखले होतेस. नंबर, नाव, त्या माणसाचं विशेष आणि भडंगनं काय केलं. वस्तादांपुढे लिहिलंस, 'मिशा. आधी मुतला, मग मिशा चाटल्या.'

हलगीचं आठवतं ना? तालमीपुढं हलगी वाजायला लागली की हा पलंगाखाली शिरून थरथरायचा. तू म्हणालीस, दारं-खिडक्या लावून घेऊ, हलगी रोज थोडीच वाजते. मी म्हटलं, मंगळवार पेठेत राहायचं आणि हलगीला भ्यायचं, मग जगायचं कसं? पहिल्या दिवशी आपण गल्लीच्या टोकाला उभ्या राहिलो, त्याला उकडलेल्या अंड्याचा तुकडा दिला आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी दहा पावलं पुढं. असे सोळा दिवस. सतराव्या दिवशी तो हलगीवाल्याच्या पायाशी जाऊन झोपला. तू रस्त्यात मला मिठी मारलीस आणि तुझे डोळे भरून आले. मला वाटलं, हिला कळलंय की कोणत्याही गोष्टीची भीती अशीच पाऊल पाऊल काढायची असते. मला बरंच काही वाटायचं तेव्हा.

अंड्याचं निघालं म्हणून सांगते. भडंगच्या नावानं आणलेल्या अंड्यांतली निम्मी तुझ्या पोटात जायची. तुमच्या घरात अंड्याचं नाव काढायची चोरी, आणि चार वर्षांपूर्वी पहिलं आम्लेट तू माझ्या तव्यावरचं खाल्लंस, डोळे मिटून, औषध घ्यावं तसं. नंतर डोळे उघडून दुसरं मागितलंस. चार वर्षांत ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. तुझ्या घरून फोन आला की तव्यावर झाकण ठेवायचं कामसुद्धा मीच करायचे. कागलला आमच्याकडं तू किती वेळा राहिलीस ते मोजायला बसले नाही मी, पण आईनं तुझ्यासाठी वेगळी गोधडी शिवली हे खरं आहे. बुद्धपौर्णिमेची खीर तुझ्याशिवाय वाढायची नाही असं पप्पा म्हणायचे. तू त्यांच्या ताटातला पापड उचलून खायचीस. ते मला म्हणायचे, "ही पोरगी आपलीच हाय बघ." मी नेसरीला तुमच्या घरी एकदाही गेले नाही. चार वर्षांत मला ते खटकलंसुद्धा नाही, इतकी मी तुझ्यावर डोळे झाकून विसंबले होते.

मे महिन्यात तू भडंगला आठ दिवस नेसरीला न्यायचं काढलंस. आजोबांना, रुद्राप्पांना, कुत्र्यांची आवड, आणि वहीतली नावंही वाढतील म्हणालीस. मी येऊ का विचारलं तर घरात रंगकाम काढलंय, पुढच्या खेपेला नक्की, असं उत्तर आलं. मी मागं राहिले. आठ दिवस घर खायला उठलं. तुम्ही परत आलात तेव्हा वहीत अठ्ठावन्नपासून एकोणनव्वदपर्यंत नावं भरली होती, सगळी तुझ्या अक्षरात. अठ्ठावन्न चन्नम्मा, म्हणजे तुझी आई, तुमची अव्वा. एकोणसाठ आजोबा, 'पटका, काठी, तंबाखूचा वास. दुपारी त्यांच्या खाटेवर झोपला.' अव्वांच्या नावापुढे होतं, 'स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मुक्काम. भाकरीचा पहिला तुकडा याला.' ते वाचून मी हसले होते. आक्कालासुद्धा वाचून दाखवलं होतं. एकाहत्तर नंबरला होतं, 'प्रभुलिंग, गडहिंग्लज. चष्मा, दाढी. लगेच मांडीवर.' हे कोण, म्हणून मी विचारलं, तर मामांच्या ओळखीचे, असं म्हणून तू भडंगच्या अंगावरच्या गोचिडी शोधायला लागलीस.

ऑगस्टमध्ये तू लग्न ठरल्याचं सांगितलंस तेव्हा एकाहत्तर नंबर मला आठवला. मी चिडवलं, की तुझ्या आधी कुत्र्यानं नवरा बघितला. तू हसलीस, पण लगेच म्हणालीस, लग्न अगदी साधं करायचंय, घरच्या घरी, पन्नास माणसांत, मैत्रिणी कुणीच नाहीत, वाईट वाटून घेऊ नकोस. मी नाही घेतलं वाईट वाटून. पन्नास म्हणजे पन्नास. उलट तुझ्या रुखवतासाठी मी दोन महिने लोकरीचं पिल्लू विणत बसले होते, पडक्या कानाचं. ते अजून कपाटात आहे. नंतर तू म्हणालीस, आजोबांचा हट्ट आहे, भडंग लग्नाला पाहिजेच. मी त्याला आंघोळ घातली, नवा पट्टा आणला, पिशवीत त्याची वाटी, त्याचं फडकं, लसीचं कार्ड आणि चार दिवसांचं खाणं भरलं. तुझा भाऊ गाडी घेऊन येणार होता. तू फोन केलास, तो घाईत आहे, वर नको बोलावू, तूच त्याला खाली कोपऱ्यावर नेऊन दे. मी कोपऱ्यावर नेऊन दिला. पृथ्वीराजनं काच खाली करून पिशवी घेतली आणि म्हणाला, "थँक्यू हं संध्याताई." तुझ्या मैत्रिणींत आणखी कुणी संध्या असेल, त्याचा घोळ झाला असेल, असं मला वाटलं. गाडी वळेपर्यंत मी हात हलवत होते.

लग्नाच्या दिवशी तुझ्या मामेबहिणीचं स्टेटस मला दिसलं. माझा नंबर तिच्याकडे कसा म्हणशील, तर तिचं रक्त मीच तपासलं होतं आणि रिपोर्ट मीच पाठवला होता. भलंमोठं कार्यालय. सातशे-आठशे पानं तरी उठली असतील. तुझ्या ऑफिसातल्या सगळ्या होत्या. मागच्या रांगेत वर्षाराणी डॉक्टर होत्या. आणि पुढं, आजोबांच्या शेजारच्या खुर्चीवर, गळ्यात जरीचा शेला घालून भडंग बसला होता. त्याच्या कपाळावर कुणीतरी अक्षता टाकलेल्या. फोटो चांगला आलाय, त्याचा उभा कान अगदी ऐटीत आहे. मी तो फोटो किती वेळ बघत होते सांगता येत नाही. लॅबमध्ये पेशंट थांबले होते. सुष्मी, मला तुझा राग नंतर आला. आधी मला त्या कुत्र्याचा हेवा वाटला. माणसाच्या वाट्याला असला हेवा येऊ नये. तो तू माझ्या वाट्याला आणलास.

तरीही मी कारणं शोधत बसले. तुझ्याऐवजी तुझी बाजू मीच मांडत होते, स्वतःपुढंच. सासरकडच्यांनी ऐनवेळी माणसं वाढवली असतील, तुला कळवायला सवड मिळाली नसेल. मनाची समजूत घालायची झाली की माणूस वकिलाला मागं टाकतो. हे दहा दिवस चाललं. मग एका सकाळी खाली टेम्पो थांबला.

तुला वाटतंय, नेसरीहून गूळ घेऊन येणाऱ्या टेम्पोवाल्यानं भडंगला आक्काकडे सोडलं. तुझ्या अव्वांनी तुला तसंच सांगितलंय. तसं झालेलं नाही. तू सासरी गेल्यावर भडंगनं चार दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, फाटकापाशी बसून राहिला. अव्वांनी त्याची पिशवी उपसली, त्यात लसीचं कार्ड निघालं, त्यावर या घराचा पत्ता. तू चार वर्षं सगळं नीट झाकलंस आणि ते कार्ड विसरलीस. कार्ड मीच पिशवीत घातलं होतं, कारण डॉक्टर म्हणाल्या होत्या, कुत्रं कुठंही न्या, कार्ड बरोबर ठेवा. अव्वा स्वतः टेम्पोत पुढं बसून आल्या, भडंगला मांडीवर घेऊन. खाली त्यांनी विचारलं, संध्या पाटील इथंच राहते का. आक्का म्हणाली, "संध्या कोण न्हाय हितं. संघप्रिया हाय वर, कुरण्यांची."

मी वरून सगळं ऐकलं. पृथ्वीराजची संध्याताई कोण ते मला त्या क्षणी कळलं. आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट कळली. घरून व्हिडिओ कॉल आला की तू खुर्ची उचलून खिडकीकडे फिरवायचीस. उजेड चांगला येतो म्हणायचीस. पाठीमागची भिंत, जिच्यावर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत, ती दिसू नये म्हणून तू ती खुर्ची चार वर्षं फिरवत होतीस. कितीतरी वेळा मीच ती तुला उचलून दिली होती.

अव्वा जिना चढून आल्या. भडंग त्यांच्या हातातनं सुटून माझ्या अंगावर, मग पलंगावर, मग परत माझ्या अंगावर. त्या दारातच उभ्या राहिल्या आणि भिंतीकडं बघितलं. मी बघितलं त्या बघताहेत ते. पाणी देऊ का, एवढं विचारायचं होतं, तर माझी जीभ टाळ्याला चिकटली. तीस वर्षांची झाले, कुणाच्याही घरी, कुणाच्याही पुढं माझी जीभ कधी अशी अडली नव्हती. पप्पांनी आम्हाला तसं वाढवलंच नाही. माझ्याच घरात, माझ्याच माठापाशी उभं राहून मी घाबरले, हे तू केलंस. लग्नाला बोलावलं नाहीस ते एक वेळ मी विसरेन. हे विसरणं जड जाईल. आणि तेवढ्यात मी काय केलं माहीत आहे का? ओट्याखालचा अंड्यांचा ट्रे पायानं हळूच आत सरकवला. तुझं उघडं पडू नये म्हणून.

अव्वाच म्हणाल्या, "पानी दे की गं. गुळाच्या वासानं डोकं उठलंय." पाणी प्याल्या. मग चहा ठेव म्हणाल्या. चहा होईपर्यंत वही बघत होत्या. मराठी त्यांना अडखळत वाचता येतं, अठ्ठावन्नला स्वतःचं नाव सापडल्यावर त्यावर बोट फिरवलं. मग माझ्याकडे न बघता बोलल्या, "आमास्नी संध्या म्हणून सांगितलंय. का सांगितलं आसंल ते मला कळतंय. तुला बी कळतंय." मी त्यांच्यापुढं कपबशी ठेवली. "लग्नाला बोलावलं असतं का म्हणशील, तर खरं सांगतो, मला ठाव न्हाय. माज्या सासऱ्यास्नी इचारावं लागलं असतं. त्यांनी काय म्हटलं असतं त्ये बी ठाव न्हाय. पर इचारायचं तर हुतं की. न इचारताच आमाला तसलं ठरवून मोकळी झाली." एवढं बोलून त्यांनी बशीतला चहा संपवला. मला त्यांचा राग आला नाही. गोड बोलून वेळ मारून नेता आली असती, पण त्यांनी माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगितलं. तू चार वर्षांत मला एवढंसुद्धा दिलं नाहीस.

म्हणजे बघ, तू फक्त माझाच विश्वासघात केला नाहीस. तुझ्या माणसांचाही केलास. ते मला दारातनं परत पाठवतील असं तू त्यांच्या वतीनं ठरवलंस, आणि मला दुसरं नाव चालेल असं माझ्या वतीनं. पाठवलं असतं त्यांनी परत, तर आपण दोघी मिळून परत आलो असतो. तुला लाज वाटली असती, मला राग आला असता, एसटीत बसून दोघी रडलो असतो, आणि सहा महिन्यांनी परत गेलो असतो. दहा पावलं पुढं. हलगीला सोळा दिवस दिलेस तू. मला एक दिवस दिला नाहीस.

जाताना अव्वांनी विचारलं, पुढं काय करणार. मी म्हटलं, ठाऊक नाही. त्या म्हणाल्या, "मी तिला काय बी बोलत न्हाय. टेम्पोवाल्यानं कुत्रं खाली सोडलं म्हणून सांगतो. तुमच्या दोघींतलं हाय, तूच लिव." गुळाची ढेप ठेवून गेल्या. तरी मी लिहिलं नव्हतं. वाटत होतं, तू आपण होऊन काहीतरी बोलशील. नवी नवरी आहे, घर नवं आहे, वेळ देऊ या. कालपर्यंत मी तुझी वाट बघत होते. भडंग जिन्यात बसायचा आणि मी वर.

आणि काल तुझा मेसेज आला. त्यातल्या शेवटच्या दोन ओळी तुलाच परत वाचून दाखवते. 'प्रभुलिंगना अजून काही माहीत नाही. त्यांनी नाव विचारलं तर तेवढं संध्याच सांग, आणि वाचून झालं की हा मेसेज पुसून टाक.' मी तो पुसलेला नाही. हे पत्र त्या दोन ओळींसाठी आहे. स्पीड पोस्टानं टाकते आहे, बुधवारी, फार तर गुरुवारी तुझ्या टेबलावर येईल. रविवारपर्यंत तुझ्या हातात तीन दिवस राहतात. तेवढ्यात त्यांना तू सांग. कसं सांगायचं ते तुझं तू बघ, मी कोण ते मात्र खरं सांग. मग दोघं मिळून या, भडंग तुझाही आहे, त्याचं काय करायचं ते आपण बसून ठरवू. नाही सांगितलंस तर मी तुझी तक्रार करणार नाही, हे पत्र कुणाला दाखवणार नाही, अंड्याचंही बोलणार नाही. पण कुत्र्याला घेऊन मी कोपऱ्यावर येणार नाही. प्रभुलिंगना जिना चढून वर यावं लागेल. दार मी उघडेन. आधी माझं नाव सांगेन, पूर्ण, मोठ्यानं. मग हात पुढे करीन आणि थांबेन. ओढणार नाही. यायचं की नाही ते त्यांचं ते ठरवतील. भडंग त्यांच्याकडे धावत जाईलच. कुणाला भ्यायचं नाही, एवढं आपण दोघींनी त्याला शिकवलंय.

तुझीच,
संघप्रिया धम्मपाल कुरणे